लाकडाच्या चर्चचे खण

चर्चमध्ये पाऊल टाकल्यावर आईनं पहिलं काम केलं ते खण मोजण्याचं. खांबाखांबांमधल्या मोकळ्या जागेकडे बोट करत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत ती मधल्या वाटेनं वेदीपर्यंत चालत गेली, आणि तिथून वळून पुन्हा मोजत परत आली. दाराशी बसलेल्या वयस्कर स्वयंसेविकेनं मला हळूच विचारलं, त्या प्रार्थना करतायत का? मी म्हटलं, घर मोजतायत.

आमच्याकडे घर असंच मोजतात. स्क्वेअर फूट आत्ता आले. चार खांबांवर तुळया टाकल्या की मध्ये जी जागा सापडते तो एक खण. अमक्याचं घर दहा खणांचं, तमक्याचा वाडा चाळीस खणांचा. मुलगी द्यायची तर खण विचारायचे. आई औसा तालुक्यातली, सासर त्याच्या पुढचं, किल्लारीपासून फार लांब नाही. त्यामुळे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या मलग्रेव्ह स्ट्रीटवर, इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाच्या दीडशे वर्षांच्या एका चर्चमध्ये उभी राहून ती खण मोजत होती याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते माझंच. मी पेशानं सिव्हिल इंजिनिअर. पाच वर्षं जेवणाच्या सुट्टीत या चर्चमध्ये येऊन बसत होतो, छपराचा भार पेलणाऱ्या लाकडी कैच्या आणि जोड निरखत होतो, पण इथंही खण आहेत हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

ओल्ड सेंट पॉल्स हे त्या चर्चचं नाव. बाहेरून पांढरं, उतरत्या छपराचं, एका बाजूला टोकदार मनोरा. आजूबाजूला सरकारी कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती. त्यांच्यामध्ये ते इतकं लहान दिसतं, की जवळपास शंभर वर्षं ते या शहराचं कॅथीड्रल होतं, बिशपचं आसन इथं होतं, हे सांगितल्याशिवाय कुणाला पटत नाही. दार लोटून आत गेलं की पांढरा रंग संपतो. खांब, कमानी, भिंती, छप्पर, बाकडी, सगळं लाकूड, आणि लाकडाचा मूळ रंग. भर दुपारीही आत उसाच्या काकवीसारखा उजेड असतो.

लाकूड का, याचं उत्तर जमिनीत आहे.

वेलिंग्टन वसलं १८४० मध्ये. इंग्लंडहून आलेल्या माणसांना घर म्हणजे विटांचं किंवा दगडाचं एवढंच माहीत होतं. भट्ट्या लावल्या, विटा पाडल्या, भिंती उठवल्या. १६ ऑक्टोबर १८४८ रोजी पहिला मोठा भूकंप झाला. पुढे कित्येक दिवस धक्के बसत राहिले, विटांच्या इमारती फुटल्या, आणि एक भिंत अंगावर पडून एक सार्जंट आणि त्याची दोन मुलं गेली. लोकांनी धडा घेतला तो असा की पुन्हा बांधताना बहुतेकांनी लाकूड घेतलं. २३ जानेवारी १८५५ च्या रात्री, शहराच्या वर्धापनदिनाचे खेळ चालू असतानाच्या सुट्टीत, जमीन पुन्हा हलली. त्या भूकंपाची तीव्रता ८.२ धरतात. न्यूझीलंडमध्ये युरोपीय लोक आल्यापासून एवढा मोठा दुसरा झालेला नाही. वेलिंग्टनच्या किनाऱ्याला जमीन मीटर-दीड मीटर वर उचलली गेली. आणि शहरात माणूस दगावला तो एक, धुराडं कोसळून.

८.२ ला एक. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी ग्रंथालयात होतो आणि पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो.

आमच्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला आलेला भूकंप सहाच्या थोडा वरचा होता. माणसं सरकारी मोजदादीत आठ हजारांच्या आसपास, गावागावांतल्या लोकांच्या मोजदादीत दहा हजार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. मी नऊ वर्षांचा होतो. आमचं घर दगडी, माळवदाचं. माळवद म्हणजे तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर पाला-काडी, आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर नवी माती पडायची, जुनी कुणी काढायचं नाही. तीन पिढ्यांची माती डोक्यावर होती. भिंती इतक्या रुंद, की आबा, म्हणजे माझे आजोबा, अभिमानानं सांगायचे, हिच्यावर बैल चढवला तर वळून परत येईल. दोन्ही अंगांनी घडीव दगड, मध्ये गोटे आणि चिखल. चुना नाही, सिमेंट नाही, आरपार जाणारा दगडही क्वचित. बाहेरून किल्ला दिसावा अशी ती भिंत आतून दोन वेगळ्या भिंती होत्या, आणि जमीन हलली तशी एक आत पडली, एक बाहेर.

आजी आतल्या भिंतीला डोकं करून झोपली होती.

आबा सोप्यात खांबाजवळ होते. दुपारी लोकांनी ढिगारा उपसला तेव्हा सोप्याचा खण उभा होता. चार खांब, वर तुळया, तुळयांवर थोडी माती. बाजूच्या भिंती नव्हत्या. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, की हे आमच्याच घरात झालं असं नाही. जिथं जिथं भार खरोखर लाकडी खांबांवर होता तिथं तिथं सांगाडा तगला आणि भिंती गेल्या. आणि सगळ्या गावांत पैसा आणि प्रतिष्ठा होती ती भिंतीत.

वेलिंग्टनमध्ये आणखी एक जागा १८५५ च्या भूकंपानं दिलेली आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बेसिन रिझर्व्ह. शहराच्या आराखड्यात तिथं जहाजांसाठी गोदी व्हायची होती, समुद्रापासून कालवा खणून. भूकंपानं जमीन उचलली, दलदल आटली, गोदीचा बेत बारगळला आणि लोकांनी तिथं क्रिकेटचं मैदान केलं. १९६८ मध्ये भारतानं परदेशातली पहिली कसोटी मालिका जिंकली ती न्यूझीलंडमध्ये, आणि त्यातल्या वेलिंग्टनच्या कसोटीत अजित वाडेकरांनी १४३ धावा काढल्या. त्यांचं कसोटीतलं ते एकमेव शतक. भूकंपानं वर काढलेल्या मातीवर एका मराठी माणसानं ते केलं, याचा मला आजही आनंद होतो.

आता चर्चकडे. हे चर्च ज्यांनी आखलं ते फ्रेडरिक थॅचर आधी वास्तुविशारद आणि मग पाळक. इंग्लंडमध्ये शिकून, काम करून ते १८४३ मध्ये इकडे आले, न्यूझीलंडचे बिशप सेल्विन यांच्या हाताखाली चर्च आणि शाळा बांधू लागले आणि पुढे दीक्षा घेतली. १८६१ ते १८६४ ते याच सेंट पॉल्स मंडळीचे पाळक होते. तेव्हाचं जुनं चर्च लहान पडू लागलं होतं. म्हणजे कुठल्या बाकड्यावर कोण बसतं, म्हातारी माणसं कुठे अडखळतात, हे ठाऊक असलेल्या माणसानं हा नकाशा काढलाय. गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांच्या हस्ते ऑगस्ट १८६५ मध्ये कोनशिला बसली आणि ६ जून १८६६ रोजी वेलिंग्टनचे पहिले बिशप अब्राहम यांनी चर्चचा पवित्रीकरण विधी केला. साडेनऊ महिन्यांत काम. दगडात हे स्वप्नातही झालं नसतं.

सेल्विन आणि थॅचर यांचं मन मात्र दगडातच होतं, हे समजून घ्यायला हवं. त्या पिढीच्या इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या काही तरुणांनी एक चळवळ उभी केली होती, खरं चर्च कसं असावं याबद्दलची. मध्ययुगीन गॉथिक हीच ख्रिस्ती शैली, कमान टोकदार हवी, वेदीचा भाग वेगळा आणि खोल हवा, छताचा सांगाडा झाकलेला नसावा, आणि मुख्य म्हणजे साहित्य अस्सल हवं, म्हणजे दगड. याच विचारातून, याच वर्षांत, मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च उभं राहिलं. १८५८ मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. तिथं दगड मुबलक, दगडाला हात लावणारे पाथरवट पिढीजात, आणि खालची जमीन त्या मानानं शांत. ज्यांनी अफगाण चर्चमध्ये टोकदार कमानींखाली उभं राहून वर पाहिलंय त्यांना ओल्ड सेंट पॉल्समध्ये आल्यावर ओळखीचं काहीतरी भेटतं. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक दगडात दिलेली, एक लाकडात.

न्यूझीलंडमध्ये दगडानं या मंडळींना आधीच धोका दिला होता. ऑकलंडजवळ पार्नेलला थॅचर यांनीच आखलेलं सेंट स्टीफन्सचं पहिलं चॅपल दगडी होतं. चुना कच्चा निघाला आणि ते वादळात कोसळलं. त्याच जागी मग लाकडाचं चिमुकलं चॅपल झालं. ते आजही आहे, आणि न्यूझीलंडच्या अँग्लिकन चर्चच्या घटनेवर १८५७ मध्ये सह्या झाल्या त्या तिथंच. म्हणजे वेलिंग्टनचा नकाशा काढायला बसले तेव्हा थॅचर यांच्यामागं एक पडलेली भिंत होती, आणि पायाखाली हलणारी जमीन.

त्यांनी केलं काय, तर गॉथिकची आकृती ठेवली आणि तिचं काम बदललं. दगडी कमान उभी राहते ती वजनाच्या जोरावर. दगड दगडाला दाबून धरतो, कमान बाजूला रेटा देते, तो रेटा पेलायला बाहेरून धिरे लागतात. सगळा खेळ दाबाचा. जमीन आडवी हलली की दाब सुटतो आणि दगड मोकळे होतात. लाकडाला दाबही चालतो, ताणही चालतो. दोन्हीकडून ओढलं तरी तंतू धरून ठेवतात. त्यामुळे लाकडात कमान ही खरं तर कमान उरतच नाही. ती कैचीचा एक वाकडा हात होते, खांबाला आणि वाशाला कोपऱ्यात घट्ट बांधून ठेवणारा. आमच्या खणात खांबाच्या डोक्यावर जो हस्त असतो, तुळईचा भार घेऊन खांबावर आणणारा, त्याच जातीचं काम. थॅचर यांनी त्याला इतका सुंदर बाक दिला, की बघणाऱ्याला टोकदार कमानच दिसावी.

आणि वजन. भूकंपात इमारतीवर येणारा जोर तिच्या स्वतःच्या वजनाच्या प्रमाणात असतो. जेवढं डोक्यावर घ्याल तेवढ्यानंच ती तुम्हाला मारते. आमच्या माळवदावर तीन पिढ्यांची माती होती. इथं डोक्यावर फळ्या आहेत. शिवाय लाकडाच्या सांगाड्यात शेकडो जोड असतात, खिळ्यांचे, बोल्टांचे, खाचांचे. हादरा बसला की प्रत्येक जोड केसभर सरकतो, कुरकुरतो आणि थोडी थोडी ताकद पिऊन टाकतो. वाऱ्याच्या दिवशी हे ऐकू येतं. वेलिंग्टनचा वारा इथल्या लोकांनाही अंगवळणी पडत नाही. उत्तरेचा जोराचा वारा सुटला की चर्च बोलू लागतं. आधी मनोऱ्याकडून एक कर्र, मग छपरात टक टक, मग कुठूनतरी लांबून दार उघडावं तसा आवाज. सुरुवातीला मी दचकायचो. आता ते ऐकायला मुद्दाम त्याच दिवशी जातो.

आईला मात्र आवाजापेक्षा लाकडात रस. तिनं चप्पल बाहेर काढली होती, मी नको म्हणेपर्यंत. अनवाणी पायानं फरशीची फळी चाचपली, मग एका खांबाला तळवा लावला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

"साग हाय का रे?"

"नाही. इथं साग होत नाही. यांची इथली झाडं आहेत. रिमू, टोटारा, मताई, कौरी."

तिनं चारही नावं माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली. रिमू तांबूस. मताई कठीण, जमिनीला चालणारं. टोटारा पाण्याला दाद न देणारं आणि सरळ फाटणारं, म्हणून इथले मूळ रहिवासी, माओरी लोक, त्याच्या अखंड ओंडक्यातून लढाईच्या मोठ्या होड्या कोरायचे. आणि कौरी. ते वेलिंग्टनकडे उगवत नाही. फक्त उत्तरेच्या उबदार टोकाला होतं, तिथून जहाजानं यायचं. खोड शंभर फूट गेलं तरी जाडी तशीच, गाठ शोधून सापडत नाही. इंग्रजांच्या आरमाराला डोलकाठ्या हव्या होत्या, मग शहरांना घरं हवी होती, आणि बघता बघता कौरीची बहुतेक जुनी रानं संपली. जी उरली त्यांना आता मुळं कुजवणारा रोग लागलाय, माणसांच्या बुटांना चिकटलेल्या मातीतून पसरणारा. रानाच्या तोंडाशी बूट घासून पुसून मगच आत सोडतात. हे चर्च बघताना मला हे विसरता येत नाही. ज्या झाडांची ही फळी, ती ख्रिस्ताच्या नावाच्याही आधी रुजलेली असू शकतात.

आईनं खांब सोडला आणि वर पाहिलं. वर पाहिलं की बहुतेक लोक म्हणतात, पालथं घातलेलं जहाज. इंग्रजीत चर्चच्या मधल्या भागाला नेव्ह म्हणतात, तो शब्दही लॅटिनमधल्या जहाजावरूनच आलाय. आईनं जहाज पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "दुष्काळातल्या बैलासारखं हाय बघ. बरगडी न् बरगडी मोजता येती."

तेच तर. या इमारतीनं काही झाकलेलं नाही. कुठला भार कुठून कुठे जातो ते नऊ वर्षांच्या पोरालाही बोटानं दाखवता येईल. इथून पाच मिनिटांच्या अंतरावर १८७६ मध्ये बांधलेली जुनी सरकारी कचेरी आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी इमारतींपैकी एक. ती बाहेरून हुबेहूब दगडी. इटलीतल्या राजवाड्यांसारखे कोपऱ्याचे चिरे, खिडक्यांवरच्या कमानी, सगळं कौरीत कोरून दगडाचा भास केलेला. दगड परवडला नाही, म्हणून दगडाचं सोंग. ती इमारतही मला आवडते, तिथल्या सुतारांचा हात बघून थक्क व्हायला होतं. पण तिला लाकडाची लाज वाटते. थॅचर यांच्या चर्चला वाटत नाही.

मंडळी वाढली तसं चर्च वाढत गेलं. १८६८ मध्ये दक्षिणेकडचा आडवा हात जोडला, क्रिश्चन टॉक्सवर्ड या मूळच्या डॅनिश वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे. १८७४ मध्ये उत्तरेकडचा. पुढे वेदीकडचा भागही वाढवला. लाकडाचं हे एक मोठं सुख. भिंत पाडायची नाही, सोडायची. आमच्या गावातही मुलगा लग्नाचा झाला की एक खण वाढवत, तुळईला तुळई भिडवून. हे दोन आडवे हात जोडल्यानं चर्चचा आकार क्रुसाचा तर झालाच, पण इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलं तर एका लांबोळक्या सांगाड्याला दोन्ही कुशींनी टेकू मिळाला. आडव्या वाऱ्याच्या गावात ही गोष्ट लहान नाही.

भिंतींवर पितळी पाट्या आहेत, मोठ्या पदांवर राहिलेल्या माणसांच्या. त्या मी कधीच सगळ्या वाचल्या नाहीत. छताखाली लटकणाऱ्या झेंड्यांपाशी मात्र थांबतो. त्यांत एक अमेरिकेच्या मरीन दलाच्या दुसऱ्या डिव्हिजनचा आहे. दुसऱ्या महायुद्धात हे हजारो तरुण वेलिंग्टनच्या आसपास छावण्यांत होते, रविवारी इथं येऊन बसायचे, इथल्या मुलींशी त्यांची लग्नं झाली. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते इथून निघाले आणि प्रशांत महासागरात जपान्यांनी धरून ठेवलेल्या तारावाच्या बेटावर उतरले. तीन दिवसांत हजारावर मारले गेले. ज्या बाकड्यांवर ते बसले ती अजून तिथंच आहेत.

मग शहराला मोठं कॅथीड्रल हवं झालं. काँक्रीटचं. १९५४ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी त्याची कोनशिला बसवली, १९६४ मध्ये बिशपचं आसन तिकडे गेलं, आणि हे रिकामं झालं. जमीन मोक्याची. पाडावं, किंवा वेदीचा भाग तेवढा कापून नव्या कॅथीड्रलला जोडावा, असे बेत होते. लोक भांडले. वर्षानुवर्षं भांडले, पत्रं लिहिली, सभा घेतल्या. चर्चला जाणारे त्यांत होतेच, न जाणारेही होते. अखेर १९६७ मध्ये सरकारनं ते विकत घेतलं आणि पुढची बरीच वर्षं फळी फळी तपासून दुरुस्ती चालली. आज तिथं कुठल्या एका मंडळीची नेमाची उपासना होत नाही, पण वास्तू अजून पवित्र मानली जाते. लग्नं लागतात, अंत्यविधी होतात, गाण्याचे कार्यक्रम होतात.

यातली मला सर्वांत भिडणारी गोष्ट पुढे घडली. त्या मोठ्या काँक्रीटच्या कॅथीड्रलला एक लहान प्रार्थनास्थळ हवंच होतं, दोन-चार माणसांनी गुडघे टेकावेत असं. १९९० च्या सुमाराला त्यांनी ते आणलं, उत्तरेकडच्या पारापारौमू गावातून. फ्रेडरिक डी जर्सी क्लेअर यांनी आखलेलं, १९०५ मध्ये बांधलेलं तिथलं छोटं लाकडी चर्च उचललं आणि कॅथीड्रलच्या कुशीत आणून बसवलं. कॅथीड्रलच्या उंच, फिक्या काँक्रीटमधून चालत जाऊन त्या लाकडी खोलीत शिरलं की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. मी आईला तिथंही नेलं. ती म्हणाली, "हितं बसावं वाटतंय." बसलोही.

दगडाचा हट्ट कुठवर नेतो हे न्यूझीलंडमधल्याच क्राइस्टचर्च शहरानं दाखवलं. तिथल्या कॅथीड्रलसाठी इंग्लंडच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी पहिल्यांदा आराखडा पाठवला त्यात भूकंपाचा विचार करून आतला सांगाडा लाकडाचा सुचवला होता. बिशप हार्पर यांना दगडच हवा होता, तोच झाला. मनोऱ्याचं टोक १८८८ मध्ये पडलं, १९०१ मध्ये पुन्हा पडलं, तेव्हा कुठे ते टोक तेवढं लाकडाचं करून वर तांब्याचा पत्रा मारला. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात मनोराच कोसळला. त्या दिवशी शहरात १८५ माणसं गेली. यात मी बिशपना नावं ठेवत नाही. आबांनाही ठेवत नाही. देवासाठी किंवा लेकरांसाठी बांधताना माणसाला वाटतंच, की जे सर्वांत जड ते सर्वांत टिकाऊ.

लाकडाला शत्रू नाहीत असंही नाही. कीड आहे, कुज आहे, आणि आग. वेलिंग्टनच्या उत्तरेला ओटाकी इथं रंगिआतेआ नावाचं माओरी लोकांचं अँग्लिकन चर्च होतं, १८५१ मध्ये पुरं झालेलं. त्याचं आढं टोटाराच्या एकाच झाडाचं, २६ मीटर लांब. मध्यभागी तसेच अखंड खांब, माओरी सभागृहात असतात तसे. ते आढं माणसांनी खांद्यावर आणि दोरांवर कसं चढवलं असेल याचा विचार करताना माझी आकडेमोड थांबते. १९९५ मध्ये कुणीतरी ते पेटवलं. एका रात्रीत गेलं. लोकांनी राख बाजूला केली आणि त्याच जागी, त्याच मापानं पुन्हा बांधलं. २००३ मध्ये ते पुन्हा उघडलं.

आई परत गेली, आणि त्यानंतरच्या नोव्हेंबरात, १४ तारखेला, मध्यरात्रीनंतर दोनच मिनिटांनी कायकौराचा भूकंप झाला. ७.८ चा. आमचं भाड्याचं घर लाकडी, टेकडीवरचं. ते पाळण्यासारखं हललं, फार वेळ हललं. मी बायकोला आणि पोराला दाराच्या चौकटीत धरून उभा होतो. चौकटीत उभं राहण्यात अर्थ नसतो हे मी स्वतः लोकांना शिकवतो, पण त्या घटकेला मी नऊ वर्षांचा होतो. घर कुरकुरलं, कपाटातल्या बरण्या पडल्या, आणि थांबलं. काही झालं नाही. सकाळी गावाकडून फोन आला. आम्ही बरे आहोत हे तीनदा विचारून झाल्यावर आई थोडी थांबली.

"आणि ते लाकडाचं देऊळ?"

मध्य शहर बंद होतं. दोन-तीन दिवसांनी गेलो. बंदराजवळच्या काही नव्या, मोठ्या इमारतींना इतका मार बसला होता, की त्यांतल्या काही पुढे पाडाव्या लागल्या. ओल्ड सेंट पॉल्स उभं होतं. पुढे २०१९ मध्ये बळकटीच्या कामासाठी ते बंद ठेवलं आणि २०२० मध्ये पुन्हा उघडलं. भूकंपानंतर गेलो त्या दिवशी मी रस्त्यावरूनच फोटो काढला आणि आईला पाठवला.

आमचं गाव १९९३ नंतर नव्या जागी वसलं. घर सिमेंटच्या ब्लॉकचं, पत्र्याचं. सोप्याचे ते चार खांब आबांनी ढिगाऱ्यातून काढून बैलगाडीनं नव्या गावात आणले होते. पण नव्या घरात त्यांना जागा नव्हती. दोन कधीतरी विकले गेले. एक कशाला लागला कुणाला आठवत नाही. चौथा गोठ्यात होता, आडवा, वर कडब्याच्या पेंढ्या.

माझ्या फोटोला आईचं उत्तर संध्याकाळी आलं. पेंढ्या बाजूला केलेल्या, खांब धुऊन पुसलेला, बाजूला शिवणकामाची टेप सरळ अंथरलेली. खाली भावाच्या मुलीकडून लिहून घेतलेलं: आठ फूट दोन इंच, कीड नाही, साग आहे, विचारून घेतलं.